टेकडी चढण्याआधी आभाळ बघा

संभाजीनगरकरांनो,

रोहिणी लागल्या आहेत. दुपारभर अंगाची लाही होते आणि चार वाजले की म्हैसमाळच्या अंगाला, नाहीतर सातारा डोंगराच्या पाठीमागे पांढरे ढग चढू लागतात. पाचच्या सुमारास त्यांचं बूड काळं पडतं. नेमकी हीच आपली टेकडीवर जायची वेळ. ऊन कललं, जरा वारा सुटला, की विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी दुचाक्यांची रांग लागते. हनुमान टेकडीवर घरंच्या घरं पोराबाळांसह येतात. कोणी भांगसीमाता गडाकडे गाडी वळवतो, कोणी साताऱ्याच्या खंडोबाचं दर्शन घेऊन मागच्या डोंगराला लागतो, कोणी सुलीभंजन गाठतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तर दिवसातून दोनदा त्याच चढावर पळतात.

या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. घर सोडण्याआधी हवामान बघा. पायथ्याला गाडी लावल्यावर पुन्हा एकदा बघा. मनात शंका आली तर त्या दिवशी चढू नका.

एवढ्याशा टेकडीसाठी हवामान काय बघायचं, असं वाटेल. तसं वाटतं म्हणूनच हे लिहावं लागतं आहे. हरिश्चंद्रगडाला किंवा कळसूबाईला निघालेला माणूस चार दिवस आधीपासून पावसाची चौकशी करतो, बूट शोधतो, पिशवीत बॅटरी टाकतो, सोबतीला कोण कोण आहे ते बघतो. गोगाबाबाला जाणारा पायात सपाता, खिशात मोबाईल आणि हातात पाण्याची अर्धी बाटली एवढ्यावर निघतो. टेकडी घराजवळची, रोजच्या ओळखीची. वीस-पंचवीस मिनिटांत माथ्यावर नेऊन सोडते. वरून मकबरा दिसतो, सगळं शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर लांबवर देवगिरी दिसतो. तिची भीती वाटावी असं तिच्यात काहीच नाही. पण वीज टेकडीचं नाव विचारून पडत नाही. आजूबाजूला जे सगळ्यांत उंच आणि उघडं असेल तिथं ती पडण्याची शक्यता जास्त, मग तो उंचवटा दीडशे फुटांचा असो की दीड हजारांचा. आपल्या शहराभोवतीच्या टेकड्या तर बोडक्या आहेत. वाळलेलं गवत, खुरटी झुडपं आणि काळा कातळ. माथ्यावर माणूस उभा राहिला की आसपास त्याच्याहून उंच फारसं काही उरत नाही.

एक साधा हिशेब मांडू या. ढगांचा गडगडाट साधारण १० ते १५ किलोमीटरवरून ऐकू येतो. शहराच्या गोंगाटात त्याहूनही कमी. वळवाचा ढग ताशी ४० किलोमीटर वेगानं सरकत असेल, तर १० किलोमीटर यायला त्याला पंधरा मिनिटं पुरतात. टेकडी उतरायला तुम्हाला किती लागतात? धडधाकट पोराला दहा-पंधरा मिनिटं, गुडघे धरलेल्या आजोबांना पंचवीस, कडेवर लेकरू असलेल्या आईला अर्धा तास. त्यातून वीज काही ढग डोक्यावर येईपर्यंत वाट बघत नाही. मूळ ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, वर निळं आभाळ असताना ती पडल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणजे पहिला गडगडाट कानावर आला, त्या क्षणीच तुम्ही तिच्या टप्प्यात आलेले असता. ‘आभाळ भरून आलं की उतरू’ असं म्हणणाऱ्याचा हिशेब इथंच चुकतो. उतरायला लागणारा वेळ आणि ढगाला यायला लागणारा वेळ जवळपास सारखाच आहे. माथ्यावर बसून घ्यायचा हा निर्णय नाही. तो पायथ्याशीच घ्यावा लागतो.

११ जुलै २०२१ ची संध्याकाळ आठवा. जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोर डोंगरावर एक टेहळणी बुरूज आहे. कडक उन्हाळ्यानंतर हवा बदलली होती, पाऊस आला होता, म्हणून शहरातली माणसं, त्यात बहुतेक तरुण, मोकळी हवा खायला आणि फोटो काढायला त्या बुरुजावर चढली होती. वीज पडली आणि ११ जणांचा जीव गेला. काही जण घाबरून खालच्या झाडीत कोसळले. यातलं कोणी गिर्यारोहक नव्हतं, की कोणी अवघड जागी गेलेलं नव्हतं. शहराच्या कडेची, रोजच्या जाण्यायेण्यातली जागा होती ती, आपल्या गोगाबाबासारखी. पाऊस बघून लोक उतरले नव्हते, उलट पावसासाठीच वर गेले होते. आपल्याकडे पहिल्या सरीला टेकडीवर किती गर्दी होते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको.

मराठवाड्याला वीज नवी नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरला, शेतात वखर धरलेला गडी, कापूस वेचणारी बाई, झाडाखाली बसलेला गुराखी यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. नैसर्गिक आपत्तीत झालेल्या सगळ्या मृत्यूंमध्ये ही संख्या सर्वांत मोठी आहे. पूर आणि उष्माघात तिच्या मागे आहेत. शेतकऱ्याला तरी पोटासाठी रानात थांबावं लागतं. आपण टेकडीवर हौसेनं जातो. ती हौस उद्यावर ढकलता येते, आणि उद्यावर ढकललेल्या फेरीत आपण काहीच गमावत नाही.

विजेबद्दल आपल्या घराघरांत ज्या समजुती आहेत, त्यांनीही घात होतो. पायाळू माणसावर वीज पडते, हे आजीपासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे जो पायाळू नाही तो निर्धास्त, आणि जो आहे तो उगाच भेदरलेला. जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, याच्याशी विजेचा काडीमात्र संबंध नाही. मोबाईल वीज ओढतो, हीसुद्धा तशीच समजूत. खिशातल्या मोबाईलमुळे वीज पडत नाही. उलट तोच मोबाईल तुम्हाला इशारा दाखवतो आणि प्रसंगी मदत बोलावतो, तो बंद करून ठेवू नका. रबरी चपलेमुळे वाचू, हाही भ्रमच. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत किलोमीटरभर हवा फोडत आली, तिला अर्ध्या इंचाचा रबर काय अडवणार?

माणसं मरतात ती बहुतेक वेळा वीज थेट डोक्यावर पडून नव्हे. ती जवळच्या झाडावर, खांबावर किंवा खडकावर पडते आणि तिथून जमिनीत चारी बाजूंना पसरते. दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. गुरांचे चार पाय लांब लांब असतात, म्हणून एका झाडाखाली अख्खा कळप मेलेला आढळतो. काही वेळा झाडावरून ती आडवी उडी घेऊन शेजारी उभ्या माणसावर येते. पाऊस आला म्हणून माथ्यावरच्या एकट्या कडुनिंबाखाली, पत्र्याच्या शेडखाली किंवा देवळाच्या ओट्यावर दाटीवाटीनं उभं राहण्यात धोका आहे तो यामुळे. अंग कोरडं राहतं, पण जीव जास्त धोक्यात जातो.

आता बघायचं काय आणि कुठं. भारतीय हवामान खात्याला २०२५ मध्ये दीडशे वर्षं पूर्ण झाली. त्याचा जिल्हावार इशारा रोज निघतो आणि वर्तमानपत्रांत, आकाशवाणीवर, दूरदर्शनच्या बातम्यांत येतो. शिवाय पुढच्या तीन तासांत कोणत्या जिल्ह्यात मेघगर्जना, वीज, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचे वारे होणार याचा तातडीचा इशारा दर तीन तासांनी निघतो. टेकडीवर जाणाऱ्यानं बघायचा तो हाच. सकाळी वाचलेला अंदाज संध्याकाळच्या फेरीला पुरत नाही. खात्याचं ‘मौसम’ नावाचं अ‍ॅप आहे, त्यात हे सगळं मिळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ हे अ‍ॅप बनवलं आहे. गेल्या काही मिनिटांत तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठं वीज पडली, ते त्यात नकाशावर दिसतं. ते फुकट आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ही आहे. घरात ज्याला मोबाईल नीट कळतो त्यानं आजच ही अ‍ॅप आईवडिलांच्या मोबाईलवर घालून द्यावीत, आणि लोकेशन चालू ठेवायला शिकवावं; नाहीतर इशारा येतो भलत्याच गावाचा.

यलो अलर्टबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. ‘यलोच तर आहे’ असं म्हणून माणसं निघतात. हवामान खात्याच्या रंगांत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीनं पावलं उचला. हे रंग अख्ख्या जिल्ह्यासाठी असतात. आपला जिल्हा कन्नड-सोयगावपासून पैठणपर्यंत पसरलेला. पिवळ्या दिवशी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळ होईल, बाकी ठिकाणी ऊन पडेल. पण ज्या ठिकाणी ते होईल तिथं पडणारी वीज लाल इशाऱ्याच्या दिवशीच्या विजेइतकीच जीवघेणी असते. घरात बसलेल्याला पिवळ्यानं घाबरायचं कारण नाही. उघड्या माथ्यावर जाणाऱ्याला मात्र विजांचा पिवळा इशारासुद्धा त्या संध्याकाळी खालीच राहायला पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाईलवर ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ असं दिसतं, त्यावरही विसंबू नका. तो आकडा पावसाचा आहे, विजेचा नाही. एक थेंब न पडता वीज पडू शकते.

नेट नसेल, मोबाईल घरी राहिला असेल, तरी आभाळ वाचता येतं. आपल्या आजोबांना येत होतं. दुपारी दोन-तीनपर्यंत कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वरवर चढत असतील, त्यांचा माथा पसरून सपाट होऊ लागला असेल, खाली काळसर पट्टा दिसत असेल, तर तो विजांचा ढग आहे. तो लांब आहे म्हणून सोडून देऊ नका. मग वारा बघा. मे महिन्याच्या उकाड्यात अचानक वारा पडतो. पान हलत नाही, घाम निथळतो, कावळे-साळुंक्या खाली उतरतात. पाच-दहा मिनिटं अशी जातात आणि एकाएकी विरुद्ध दिशेनं गार झोत येतो, त्यात ओल्या मातीचा वास, मागोमाग धुळीचा लोट. तो झोत ढगातून खाली कोसळणाऱ्या गार हवेचा असतो. ढग त्याच्या मागेच आहे. माथ्यावर बसलेल्या सगळ्यांना तो झोत फार सुखाचा वाटतो. लोक हात पसरून उभे राहतात, पोरं ओरडतात, मोबाईल वर धरले जातात. त्या सुखाच्या झोतात उतरायला लागणारा माणूस मला सगळ्यांत शहाणा वाटतो. आणि खरं तर तोवर उशीरच झालेला असतो.

रील काढणाऱ्या पोरांना शिव्या देऊन काही साधणार नाही. वय तसं आहे, आणि ढगांनी भरलेलं आभाळ सुंदर दिसतं हेही खरं आहे. त्यांना एवढंच सांगायचं आहे, की तेच आभाळ विद्यापीठाच्या एखाद्या पक्क्या इमारतीच्या आत उभं राहून काढा. चित्र तितकंच चांगलं येतं.

वेळ बदलणं हा सगळ्यांत सोपा उपाय आहे. मे-जूनमध्ये वळीव बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी येतो, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढूनच हे ढग तयार होतात. त्यामुळे या दिवसांत संध्याकाळची फेरी पहाटेवर न्या. पहाटेही एक नजर अ‍ॅपवर टाकाच, पण धोका कमी असतो. पहाटे गेल्यानं उन्हाचाही प्रश्न सुटतो. उन्हाला आपण गृहीत धरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि टेकडीचा काळा कातळ सकाळी नऊलाच तापायला लागतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर कार्यक्रमासाठी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. ती माणसं नुसती बसलेली होती, चढत नव्हती. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी या दिवसांत आठच्या आत खाली यावं. भरतीच्या मुलांनी दम लागेपर्यंत पळणं म्हणजे तयारी, असं समजू नये. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, घाम यायचा थांबला, की तिथंच सावली धरावी. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचा आणि वाऱ्याचाही विचार करा. २०२५ च्या एप्रिलमध्ये देवगिरी किल्ल्याच्या डोंगराला आग लागली होती. ज्या दिवशी कोरडा वारा सोसाट्यानं वाहतो, त्या दिवशी बिडी-काडी वर नेऊ नका आणि कुठं धूर दिसला तर वाऱ्याच्या दिशेनं वर पळू नका.

मृग सरला आणि पावसानं जम बसवला की विजा थोड्या कमी होतात, आणि पाय घसरायचे दिवस सुरू होतात. कातळावर शेवाळ धरतं, मुरमाची पायवाट खाली सरकू लागते. चढताना हे कळत नाही, उतरताना कळतं. अशा दिवसांत सपाता घालून जाऊ नका. आणि आपल्यावर पाऊस पडत नाही म्हणजे वर पडत नाही, असं मानू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांना पाण्यानं ओढून नेलं. ते जिथं उभे होते तिथलं पाणी एकाएकी वाढलं होतं. लगेच आठवड्यानं, ७ जुलैला, रायगडावर इतका पाऊस कोसळला की पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले आणि पर्यटकांना भिंतींना धरून उभं राहावं लागलं. त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला. वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारा धबधबा बघायला, अजिंठ्याला, म्हैसमाळच्या घाटात श्रावणात जी गर्दी होते, तिनं हे लक्षात ठेवावं. औरंगाबाद लेण्यांच्या मागच्या घळीत, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांत, पावसाच्या दिवशी उतरू नका. मागच्या डोंगरावर कोसळलेली एक सर तिथं पोचायला फार वेळ लागत नाही.

सगळं बघूनही कधी अडकायला होतं. तेव्हा काय करायचं, हे आधी ठाऊक असेल तर उपयोग. गडगडाट ऐकू आला की मोजत बसू नका, फोटो पुरा करू नका, लगेच उतरायला लागा. आधी माथा आणि सोंड सोडा. वाटेत एकटं झाड, विजेचा खांब, टॉवर, लोखंडी कठडा, तारेचं कुंपण यांच्यापासून लांब राहा. देवगिरीवर असाल तर माथ्यावरच्या तोफा आणि कठडे सोडून खाली या. कपारीत किंवा दरडीच्या खोबणीत दडू नका. खडकावरून वाहणारा विजेचा प्रवाह तिथून माणसाच्या अंगातून जातो. छत्री मिटवा. पाच-सात जण असाल तर एकमेकांचे हात धरून घोळका करू नका. वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून उतरा, म्हणजे एकाला झटका बसलाच तर बाकीचे मदतीला उरतात. लहान लेकराला मात्र सोबतच ठेवा. अंगावरचे केस ताठ होऊ लागले, कानाशी बारीक सूं-सूं ऐकू आली, तर वीज पडण्याच्या बेतात आहे. पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसा आणि लगेच पुन्हा उतरायला लागा. जमिनीवर आडवं पडू नका. हे बसणं अगदी शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागा नव्हे. सुरक्षित जागा दोनच: पक्की, चारी बाजूंनी बंद इमारत, किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी. दुचाकी आणि उघडी रिक्षा त्यात येत नाहीत. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास तिथंच थांबा. थेंब थांबले म्हणून चहाच्या गाड्यावर परत येऊ नका; सर ओसरल्यावरही विजा पडत राहतात.

कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. हे वाक्य कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा, कारण याच भीतीनं माणसं लांब उभी राहतात आणि वाचू शकणारा जीव जातो. विजेचा झटका बसलेले सगळेच मरत नाहीत. ज्यांचं हृदय किंवा श्वास थांबतो, त्यांना त्या पहिल्या मिनिटांत छाती दाबून जिवंत ठेवता येतं. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात, भराभर, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बरेच जण पडले असतील तर जो कण्हतो आहे त्याच्याकडे आधी जाऊ नका. तो श्वास घेतो आहे. जो निपचित पडला आहे त्याला आधी हात लावा. एरवीच्या अपघाताच्या अगदी उलट क्रम इथं पाळावा लागतो. गोगाबाबाच्या पायथ्यापासून घाटी रुग्णालय लांब नाही. रुग्णवाहिकेला टेकडीच्या कोणत्या बाजूला यायचं, हे सांगायला एक जण खाली रस्त्यावर पाठवा.

आता काही विनंत्या नावानिशी नाही, पण माणसं ओळखून करायच्या आहेत.

टेकडीवर जाणारे आपले किती तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. सकाळी त्यांवर सुप्रभातचे फुलांचे फोटो येतात. प्रत्येक ग्रुपमधल्या एकानं उद्यापासून पहाटे आणि दुपारी चार वाजता त्या वेळचा हवामान खात्याचा इशारा टाकायचं काम अंगावर घ्यावं. आठवड्याला माणूस बदला. ‘आज चारनंतर विजांचा इशारा आहे, संध्याकाळची फेरी रद्द, उद्या सकाळी साडेपाचला भेटू’ एवढी ओळ पुरते. रद्द झालेल्या फेरीबद्दल कोणी कुरकुर केली, ‘काही होत नाही हो’ म्हणून चिडवलं, तरी ती ओळ टाकणाऱ्याच्या पाठीशी ग्रुपनं उभं राहावं.

अकादमीतल्या प्रशिक्षकांनो, मुलं तुमचा शब्द मानतात. आभाळात गडगडलं की शिट्टी वाजवून सराव थांबवा. भरती पुढच्या महिन्यातही होईल. शाळेच्या सहली नेणाऱ्या सर-मॅडमनी निघण्याच्या सकाळी इशारा बघितला का, हे पालकांनी सरळ विचारावं. त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

पायथ्याशी चहा, भुट्टे, लिंबूपाणी विकणाऱ्या दादांना आणि मावशींना सगळ्यांत मोठी विनंती आहे, कारण आभाळ तुमच्याइतकं दिवसभर कोणी बघत नाही. कोणत्या दिशेनं आलेला ढग टेकडीवर येतो आणि कोणता बाजूनं निघून जातो, हे तुम्हाला ठाऊक असतं. वर चढणाऱ्याला, विशेषतः बाहेरगावहून लेणी बघायला आलेल्या अनोळखी माणसाला, ‘साहेब, आज वर नका जाऊ, आभाळ येतंय’ असं म्हणा. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा. एखादा ऐकणार नाही, दुसरा ऐकेल. तोपर्यंत त्याला चहा द्या.

मृग लागायला दहा-बारा दिवस आहेत. ही ओळ वाचून होताच मोबाईल हातात घ्या, ‘दामिनी’ उतरवा, आणि आज संध्याकाळी कोणाकोणाला टेकडीवर जायचं आहे ते घरात विचारा.